लाकडी फाटकाचे कडी-कुलूप

लाकडी फाटकाचे कडी-कुलूप म्हणजे घर, वाडा, गोठा किंवा शेत यांच्या आवाराला लावलेले लाकडी फाटक मिटवून धरणारी व परक्याला ते उघडता येऊ नये अशी व्यवस्था करणारी साधने. अडसर, आगळ, खिटी, कडी-कोयंडा, अल्ड्रॉप आणि कुलूप ही बंद करण्याची साधने यात येतात. कललेली बिजागरी, टांगते वजन, स्प्रिंग आणि तेलाचा दट्ट्या या फाटक आपोआप मिटवणाऱ्या योजनांचाही यात समावेश होतो. कारखान्यात तयार झालेल्या पोलादी फाटकाला ही साधने जोडूनच येतात. घरी किंवा गावच्या सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी फाटकाला मात्र ती निवडून, मापून, एकेक करून बसवावी लागतात. अशी फाटके नादुरुस्त होतात ती बहुधा लाकूड कुजल्याने नव्हे, तर कडी आणि कोयंडा यांची जागा जुळेनाशी झाल्याने.

पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांत या विषयाची जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे एकत्र पाहायला मिळतात. एकीकडे गढ्या आणि वाड्यांचे दिंडीदार दरवाजे आहेत, दुसरीकडे ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल एवढी रुंद फाटके आणि शेततळ्यांची कुंपणे आहेत.

शब्दविचार

या साधनांची मराठी नावे निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या भाषांतून आलेली आहेत. ‘कवाड’ हा शब्द संस्कृत ‘कपाट’वरून आला, तर ‘आगळ’ हा ‘अर्गला’ या शब्दावरून. देवीमाहात्म्याच्या पाठाआधी म्हटल्या जाणाऱ्या अर्गलास्तोत्राच्या नावातही हीच आगळ आहे. ‘दरवाजा’ फारसी आहे. ‘कुलूप’ हे अरबी ‘कुफ्ल’चे अक्षरे उलटसुलट झालेले रूप आहे. ‘चावी’ आणि ‘बिजागरी’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आले. दार अडवण्याचे साधन देशी, पण ते कुलूपबंद करण्याचे आणि लोखंडी सांध्यावर फिरवण्याचे शब्द परके, असा हा ढोबळ हिशेब आहे. त्यावरून साधनेही बाहेरूनच आली असे मात्र म्हणता येत नाही.

‘अडसर’ या शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. दारामागे आडवा घालायचा लाकडी दांडा हा त्याचा मूळ अर्थ. आज वर्तमानपत्रात ‘कामातील अडसर’ वाचणाऱ्या बहुतेकांना तो दांडा ठाऊक नसतो. बोलीभाषांत आणखीही नावे आहेत. कोकणात घराभोवतीच्या दगडी गडग्यातून आत येण्याच्या जागी दोन खांबांच्या भोकांतून आडवे बांबू किंवा वासे सरकवतात, त्याला ‘बेडे’ म्हणतात. बेड्याला कुलूप नसते. गुरांना अडवणे आणि माणसाला येऊ देणे एवढेच त्याचे काम असते.

ऐतिहासिक रूपे

किल्ल्यांच्या दरवाजांत कुलपाला फारसे महत्त्व नव्हते. मुख्य आधार अडसराचा असे. दरवाजाच्या मागच्या बाजूस दोन्ही भिंतींत समोरासमोर चौकोनी खाचा ठेवलेल्या असत. एका बाजूची खाच अडसर पूर्ण आत जाईल एवढी खोल, तर दुसऱ्या बाजूची वीतभर असे. दरवाजा मिटला की खोल खाचेतला दांडा ओढून समोरच्या खाचेत बसवायचा आणि उघडताना तो परत भिंतीत सारायचा. दारे नष्ट झालेल्या अनेक किल्ल्यांवर या खाचा आजही दिसतात. या रचनेत बाहेरून दिलेल्या धडकेचा जोर खिळ्यांवर किंवा बिजागऱ्यांवर न येता थेट दगडी भिंतीवर येतो. आजच्या फाटकाची कडी चार लहान स्क्रूंवर लटकत असते, म्हणून ही जुनी युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दारे स्वतः लोखंडी बिजागरीवर नसून वरखाली ठेवलेल्या गोल कुसवांवर फिरत. खालचे कुसू दगडी उखळीत आणि वरचे चौकटीच्या भोकात बसवलेले असे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा (पायाभरणी १७३०, वास्तुशांत १७३२) दिल्ली दरवाजा या परंपरेचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. त्याच्या प्रत्येक झडपेवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला लांब लोखंडी सुळे बसवले आहेत आणि उजव्या झडपेत एका माणसापुरती दिंडी ठेवली आहे. दिंडीमुळे रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी मोठा दरवाजा उघडावा लागत नसे. आत शिरणाराला वाकावे लागे आणि एका वेळी एकच माणूस येई. रायगडावरील हिरकणीची आख्यायिकाही दरवाजे सूर्यास्ताला बंद होतात या नियमावरच उभी आहे. अलीकडे दुर्गसंवर्धन करणाऱ्या स्वयंसेवी गटांनी काही किल्ल्यांना पुन्हा सागवानी दरवाजे बसवले आहेत.

कुलपे प्रामुख्याने कोठार, तिजोरी, पेटी आणि देवघरासाठी वापरली जात. जुन्या देशी कुलपांत दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. एकात किल्ली फिरवायची नसून आत ढकलायची असते. ती आतल्या फाकलेल्या पोलादी पट्ट्या दाबते आणि दांडी सुटते. दुसऱ्या प्रकारात किल्लीला मळसूत्राचे आटे असतात आणि ती पिळत पिळत आत न्यावी लागते. ही कुलपे दणकट असली तरी एकाच्या किल्लीने दुसरे उघडण्याचा संभव मोठा असे.

आधुनिक कुलपाचा पाया इंग्लंड-अमेरिकेत घातला गेला. रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये दुहेरी क्रियेच्या लिव्हरचे कुलूप केले. त्यात प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीला उचलावा लागतो, कमी उचलून चालत नाही आणि जास्तही नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कारागीर ए. सी. हॉब्ज यांनी तोवर अभेद्य मानली गेलेली चब आणि ब्रामा कंपन्यांची कुलपे किल्लीशिवाय उघडून दाखवली आणि मोठी खळबळ उडाली. लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेले पिनांचे नळीदार कुलूप आज दाराच्या बहुतेक लॅचमध्ये असते. त्याचे मूळ तत्त्व मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांत आढळते. तिथेही आपल्या वजनाने खाली पडणाऱ्या खुंट्या दांडा अडवून धरत.

महाराष्ट्रात कुलपाचा कारखानदारी इतिहास मुंबईच्या लालबागेत सुरू होतो. तेथे अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपे बनवायला सुरुवात केली. देशात कुलपांचे दुसरे मोठे केंद्र उत्तर प्रदेशातील अलिगढ हे आहे. ग्रामीण बाजारात आठवडे बाजाराच्या पथारीवर मिळणारी स्वस्त कुलपे बहुधा तिकडून येतात.

बारामती–इंदापूर परिसर

लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिराईत भागातील गाव आहे. मल्लिकार्जुन मंदिर, पुष्करणी आणि तेथील यज्ञवराहाचे शिल्प यांसाठी ते अभ्यासकांना परिचित आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने या भागात पाऊस कमी आणि अनिश्चित असतो. तालुक्याचा दुसरा भाग आणि इंदापूर तालुक्याचा मोठा पट्टा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखाली आहे. तेथे ऊस होतो आणि माळेगाव, सोमेश्वर यांसारखे सहकारी साखर कारखाने चालतात. या दोन भागांतील फाटकेही वेगळी असतात. जिराईत भागात मळ्याचे कुंपण म्हणजे बाभळीच्या काट्यांचा आडोसा आणि त्यात झापा किंवा दोन फळ्यांचे साधे कवाड. बागायत भागात ऊसवाहतुकीमुळे दहा ते बारा फुटांचे दोन झडपांचे फाटक लागते आणि मग कडी-कुलपाचे प्रश्न सुरू होतात.

जुन्या बांधकामांपैकी बारामतीत कऱ्हा नदीच्या काठी बाबूजी नाईक यांचा वाडा आहे. कवी मोरोपंत त्यांच्याच आश्रयाला बारामतीत राहिले. इंदापूरला मालोजीराजे भोसले यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी आहे. अशा गढी-वाड्यांची दारे गावच्या सुताराने करायची आणि कड्या, कोयंडे, खिळे व पट्ट्या लोहाराने घडवायच्या, अशी बलुतेदारीतील कामाची वाटणी असे. त्यामुळे कडीचे माप दाराला घेतले जाई, दार कडीच्या मापाचे नसे. आज हार्डवेअरच्या दुकानातली कडी आणून घरच्या फाटकाला लावताना क्रम उलटा होतो.

फाटकाची बांधणी आणि कडीचा संबंध

कडी बसवण्याआधी फाटक ओघळणार नाही याची खात्री करावी लागते. चौकटीच्या आडव्या-उभ्या फळ्या कितीही घट्ट असल्या तरी चौकोन तिरका होऊ शकतो, त्रिकोण होत नाही. म्हणून तिरका टेकू आवश्यक असतो. लाकडी टेकू खालच्या बिजागरीपासून निघून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जावा. अशा स्थितीत त्याच्यावर दाब येतो आणि लाकूड दाब चांगला सोसते. तो उलट दिशेने लावला तर त्याच्यावर ताण येतो आणि सांध्यातले खिळे हळूहळू उपसतात. तार किंवा लोखंडी सळई वापरायची असेल तर नेमकी ही उलट दिशा घ्यावी, कारण तारेला ताणच हवा असतो. गावोगावी टेकू दोन्ही दिशांनी लावलेले दिसतात. निम्मी फाटके दोन-तीन वर्षांत जमिनीला घासू लागतात याचे हे एक कारण असावे.

दुसरे कारण खांब. काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यात फूट-दीड फूट पुरलेला खांब दर ऋतूत थोडा हलतो, आणि दोन खांब सारखेच हलत नाहीत. जूनमध्ये नीट बसणारी कडी मार्चमध्ये कोयंड्याच्या बोटभर वर किंवा खाली येते ती यामुळे. उपाय दोन आहेत. एक म्हणजे खड्डा काळ्या थराच्या खाली मुरुमापर्यंत नेणे आणि खांबाभोवती मुरूम ठोकून भरणे. दुसरा म्हणजे दोन्ही खांब जमिनीखाली एकाच काँक्रीटच्या पट्टीने जोडणे, म्हणजे हलले तरी ते एकत्र हलतात. हे न जमल्यास निदान कोयंडा उभट, लांबट भोकाचा घ्यावा.

लाकूड स्वतः लांबीत फारसे बदलत नाही, पण रुंदीत फुगते-आक्रसते. अनेक फळ्या शेजारी शेजारी लावलेल्या फाटकात हे फुगणे बेरजेने वाढते. म्हणून उन्हाळ्यात फाटक करताना दोन झडपांमध्ये सुमारे एक सेंटिमीटर फट ठेवतात. पावसाळ्यात केलेल्या फाटकाला एवढी लागत नाही. साग या बाबतीत स्थिर असतो. या भागात सहज मिळणारी बाभूळ कठीण व चिवट असते, पण वाकते. तिच्यात आधी गिरमिटाने भोक पाडल्याशिवाय स्क्रू जात नाही, आणि जबरदस्तीने घातला तर तुटतो. बाभळीत टॅनिनही भरपूर असते. साध्या लोखंडी खिळ्याशी ओलाव्यात त्याचा संयोग होऊन काळे डाग पडतात आणि खिळाही खातो. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरणे म्हणूनच थोडे महाग पडले तरी योग्य ठरते.

कड्या आणि कुलपे

घरगुती फाटकाला सर्वाधिक वापरली जाते ती अल्ड्रॉप, म्हणजे आडवी सरकणारी आणि शेवटी कुलूप अडकवता येणारी दांडी. भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. २८१ हे मानक या लोखंडी साधनासाठी आणि आय.एस. २०४ हे टॉवर बोल्टसाठी आहे. अल्ड्रॉप बसवताना सामान्यतः होणारी चूक म्हणजे ती पुढून स्क्रूने लावणे. कुलूप कितीही भारी असले तरी स्क्रूड्रायव्हर असलेल्या चोराला त्याला हात लावण्याची गरज पडत नाही. फाटकाच्या आरपार जाणारे, बाहेरून गोल डोक्याचे आणि आतून चाकी-नट लावलेले बोल्ट वापरले की हा मार्ग बंद होतो. कोयंडाही तसाच, खांबाच्या आरपार बसवावा.

दोन झडपांच्या फाटकात एक झडप जमिनीला बांधलेली असावी लागते. त्यासाठी तिच्या खालच्या टोकाला उभी कडी लावून ती जमिनीत गाडलेल्या नळीत सोडतात. ही नळी तळाला बंद असली तर तिच्यात गाळ साचतो आणि पावसाळ्यात कडी अर्धीच जाते. म्हणून नळी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवून तिच्याखाली वीतभर खडी घालतात. मध्यभागी जमिनीत एक ठोकळाही हवा, नाहीतर झडपा एकमेकींवर आपटून बिजागऱ्या ढिल्या होतात. जमिनीची कडी बसवली नसेल तर पुढच्या झडपेचे कुलूप निरर्थक ठरते, कारण जोराने ढकलल्यास दोन्ही झडपा मिळून आत वळतात आणि कडी कोयंड्यातून निसटते.

कुलूप आतून लावावे की बाहेरून हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण फाटक घरापासून दूर असल्यास तोच मुख्य असतो. आतून लावले तर बाहेरून येणाऱ्याला हाक मारावी लागते. बाहेरून लावले तर घरात कोणी नाही हे जाहीर होते. फाटकाला हात जाईल एवढे भोक पाडून कुलूप आतल्या बाजूस ठेवणे, म्हणजे ते दोन्हीकडून लावता येते, हा जुना तोडगा आहे. भोकाला चारही बाजूंनी पत्रा ठोकला नाही तर तेथूनच फळी फुटते. नळीदार लॅचमध्ये आतून मूठ आणि बाहेरून किल्ली अशी सोय असते, परंतु ते घराच्या दारासाठी बनवलेले असते. उघड्यावर लावायचे असल्यास वर पत्र्याची छपरी आवश्यक ठरते.

धुळीच्या प्रदेशात कुलपात तेल घालणे हा प्रिय पण चुकीचा उपाय आहे. तेल धूळ धरते आणि काही महिन्यांत आत चिकट लगदा होतो. ग्राफाइटची पूड अधिक चांगली. ती नसेल तर पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासले तरी काम भागते. कुलपावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधण्याची पद्धतही सर्वत्र दिसते. तिने पाऊस अडतो, पण आत दमट हवाही कोंडली जाते. त्यापेक्षा वरच्या बाजूला लावलेला रबरी ट्यूबचा लोंबता तुकडा बरा, कारण त्याखालून वारा खेळतो.

आपोआप मिटणारी फाटके

कडी कितीही चांगली असली तरी ती लावणारे माणूस असावे लागते. शेळ्या बाहेर जाणे, मूल रस्त्यावर किंवा पाण्याकडे जाणे, कुत्री आत शिरणे, हे सर्व कुलूप तुटल्यामुळे नव्हे तर फाटक उघडे राहिल्यामुळे होते. म्हणून आपोआप मिटणे आणि मिटल्यावर आपोआप कडी पडणे ही दोन कामे स्वतंत्रपणे विचारात घ्यावी लागतात. नुसते मिटणारे फाटक वाऱ्याने पुन्हा उघडते.

सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ योजना गुरुत्वाकर्षणाची आहे. वरची बिजागरी खालचीच्या बरोबर ओळंब्यात न ठेवता किंचित कडीच्या खांबाकडे सरकवली, की फाटकाचा फिरण्याचा आस कलतो. फाटक उघडताना त्याचे मोकळे टोक वर चढते आणि सोडल्यावर खाली येऊ पाहते. उदाहरणादाखल ४० किलोग्रॅम वजनाचे, १.२ मीटर रुंदीचे फाटक घेऊ. बिजागऱ्यांत ९० सेंटिमीटर अंतर असेल आणि वरची सुमारे ३ सेंटिमीटर पुढे सरकवली, तर आसाचा कल साधारण २ अंश होतो. काटकोनात उघडल्यावर मोकळे टोक सुमारे ४ सेंटिमीटर वर येते आणि फाटकाला मिटवणारे आघूर्ण साधारण ८ न्यूटन-मीटर असते. मोकळ्या टोकाशी हाताने जाणवणारा जोर मग सात न्यूटनच्या आसपास, म्हणजे पाऊण किलोच्या आतला. मूलही असे फाटक उघडू शकते आणि ते स्वतःहून मिटते. उघड्या स्थितीत टोक उचलले जात असल्याने चढणीच्या रस्त्यावरही ते घासत नाही, हा वरचा फायदा.

या रचनेत एक खोड आहे. जोर काटकोनात सर्वाधिक असतो आणि फाटक मिटत येते तसा कमी होत शून्यावर येतो. म्हणजे कडी पडण्यासाठी जोर जिथे हवा असतो तिथेच तो नसतो. अनुभवी सुतार म्हणून फाटकाची सर्वांत खालची स्थिती ठोकळ्याच्या किंचित पलीकडे धरतात. फाटक तिथे पोचण्याआधीच ठोकळ्याला टेकते आणि टेकलेले असतानाही थोडा दाब शिल्लक राहतो. त्यावर आपल्या वजनाने खाली पडणारी कडी लावतात. तिचे नाक कोयंड्याच्या उतारावरून वर चढते आणि खाचेत पडते. या कडीला स्प्रिंग नसते, त्यामुळे बिघडण्यासारखे काही नसते.

दुसरा अडथळा वाऱ्याचा. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दीड चौरस मीटरच्या बंद फळीवर ८०-१०० न्यूटनचा जोर देतो. त्याचे आघूर्ण वरच्या उदाहरणातील मिटवणाऱ्या आघूर्णाच्या सहापटीहून अधिक होते. वळवाच्या वादळात अशी फाटके उलटी उघडून आपटतात. फळ्यांमध्ये फटी ठेवणे हाच याचा खरा उपाय आहे. आत डोकावता येऊ नये म्हणून सलग पत्रा ठोकलेल्या फाटकाला गुरुत्वाची योजना पुरत नाही.

टांगते वजन ही याचीच दुसरी तऱ्हा. फाटकाला बांधलेली साखळी खांबावरच्या कप्पीवरून घेऊन तिच्या टोकाला वीट किंवा वाळूचा डबा लोंबकळता ठेवतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा खेड्यात याच कामी येतो, पण उन्हाने तो वर्षाच्या आत तडकतो. स्प्रिंगची बिजागरी हलक्या फाटकाला चालते. मात्र स्प्रिंगचा जोर फाटक जेवढे उघडावे तेवढा वाढत असल्याने ते धाडकन मिटते आणि बोटे सापडण्याचा धोका असतो.

तेलाचा दट्ट्या असलेला क्लोजर (भारतीय मानक आय.एस. ३५६४) कार्यालयांच्या दारांवर परिचित आहे. स्प्रिंगने साठवलेला जोर तेल लहान छिद्रातून जात असताना सावकाश सुटतो. एक स्क्रू मिटण्याचा वेग आणि दुसरा अखेरचा कडीपर्यंतचा झटका नियंत्रित करतो. हे साधन फाटकाचे वजन आणि रुंदी पाहून निवडावे लागते. घराच्या आतील दारासाठी केलेला क्लोजर उघड्या फाटकाला लावला तर उन्हात तेल पातळ होऊन फाटक आपटू लागते आणि धुळीने सील झिजून तेल गळते. उघड्या जागेसाठी मुद्दाम बनवलेले प्रकार मिळतात. फाटक साधे असेल तर एवढ्या खर्चाची गरज क्वचितच असते.

वाहन आत घेताना आपोआप मिटणारे फाटक अडचणीचे होते. त्यासाठी उघड्या स्थितीत अडकवून ठेवणारा आकडा जमिनीत किंवा भिंतीत हवा. ट्रॉली अर्धी आत असताना झडप मिटून मडगार्डवर आदळणे ही या फाटकांची नेहमीची तक्रार आहे. म्हणून दोन झडपांच्या फाटकात बहुधा रोजच्या पायवाटेची एकच झडप, किंवा जुन्या पद्धतीने तिच्यातली दिंडी, आपोआप मिटणारी ठेवतात.

सुरक्षितता

राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर कोरडवाहू भागात शेततळ्यांची संख्या वाढली. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या तळ्याचे काठ ओले झाले की निसरडे होतात. आत पडलेल्याला धरायला काही नसते. पोहता येणारी माणसेही त्यात बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अशा तळ्याभोवती कुंपण असून फाटक दोरीने बांधलेले असेल तर कुंपणाचा उपयोग राहत नाही. येथे आपोआप मिटणारे आणि आपोआप कडी पडणारे फाटक हवे, ते पाण्यापासून बाहेरच्या दिशेने उघडणारे असावे, म्हणजे ढकलणारे मूल ते मिटवते, उघडत नाही. कडी लहान मुलाचा हात पोचणार नाही अशा, सुमारे दीड मीटर उंचीवर असावी. खालची आडवी पट्टी आतल्या बाजूला घ्यावी, कारण बाहेरून ती चढायची पायरी होते.

पुणे जिल्ह्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर हा वेगळा प्रश्न आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरपाठोपाठ दौंड, बारामती, इंदापूरकडेही बिबटे दिसू लागले आहेत. चार-पाच फुटांच्या फाटकावरून बिबट्या सहज उडी मारतो, तेव्हा आवाराचे फाटक त्याला अडवत नाही. शेळ्या-मेंढ्यांसाठी वरून जाळी असलेला बंदिस्त गोठाच लागतो. त्या गोठ्याच्या दाराची कडी मात्र घट्ट बसणारी हवी. पंजाने ओढल्यास दार फाकते आणि फट मिळते, म्हणून वर आणि खाली अशा दोन कड्या लावतात.

कुलपाची उलटी बाजूही आहे. रात्री आतून कुलूप लावून किल्ली वेगळ्या खोलीत ठेवली तर आग लागल्यावर तेच कुलूप जीवघेणे ठरते. माणसे झोपतात त्या आवाराचे फाटक आतून किल्लीशिवाय उघडता यावे, बाहेरून नव्हे, हे तत्त्व लॅचमध्ये साधते. साध्या कुलपात किल्ली फाटकाजवळच, बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला ठेवावी लागते.

कायद्यातील उल्लेख

भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४४५ मध्ये घरफोडीच्या व्याख्येत प्रवेशाचे सहा प्रकार दिले होते. गुन्ह्यासाठी घरात शिरताना कुलूप उघडणे हा त्यातील एक स्वतंत्र प्रकार होता. म्हणजे कुलूप तोडलेच पाहिजे असे नाही, ते उघडले तरी पुरे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

कुलपाविना गाव

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे घरांना दारे-कुलपे न लावण्याची प्रथा आहे. गावाचे रक्षण शनिदेव करतो, अशी तिच्यामागची श्रद्धा आहे. काही घरांना कुत्री-मांजरे आत येऊ नयेत म्हणून फळी किंवा पडदा आडवा लावलेला असतो, म्हणजे कोकणातल्या बेड्याचे कामच तेथे शिल्लक राहिले आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने या गावात कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा तिची देशभर बातमी झाली. बँकेने दार ठेवले होते, पण ते काचेचे होते.